गावात बाहुल्यांचा उत्सव सुरू करायचाय, असे उत्सव मुळात उभे कसे राहिले?

कुडाळपल्याड

नमस्कार मंडळी. गाव आमचं कुडाळ तालुक्यात, पिंगुळीपासून फार लांब नाही. यंदा देवळाच्या मीटिंगला विषय निघाला की जत्रेला दशावतार दरवर्षी असतोच आणि तो असायलाच हवा, पण पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, चित्रकथी हे सगळं बघायला लोक कुठून कुठून शोधत येतात आणि आमच्या गावातल्या पोरांनी ते एकदाही बघितलेलं नाही, मग आपणच दोन-तीन दिवसांचा बाहुल्यांचा उत्सव का करू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या, जबाबदारी माझ्याकडे आली आणि मला ते मनापासून करायचंय.

आता अडचण अशी की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच उत्सव आहे. काहीजण म्हणतात मोठं स्टेज बांधू, मुंबईहून कोणीतरी नावाजलेला उद्घाटनाला आणू, सोबत ऑर्केस्ट्रा ठेवू म्हणजे गर्दी होईल, काहींना मे महिन्यातच करायचाय कारण चाकरमानी तेव्हा गावात असतात, आणि काही जाणती मंडळी म्हणतात की नवरात्र सोडून चित्रकथी करायचीच कशाला. पैसे किती जमतील ते अजून कोणालाच माहीत नाही. बाहुल्या म्हटलं की बहुतेकांना अर्धवटराव आठवतात, त्यापलीकडे फारसं कोणाला ठाऊक नाही, मलाही थोडंच.

म्हणून विचारतोय, असा उत्सव एखाद्या गावातून सुरू होऊन खरंच वाढलाय असं कुठे झालंय का? पहिल्या वर्षी त्यांनी काय केलं, पैसे कुठून आले, आणि पुढे टिकला तो कशामुळे? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज, लांब झालं तरी चालेल, मी मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे.

तळकोकणी

वाचून दाखवणार आहेस तर आधी आपल्या घरचंच वाच, कारण तू ज्याला नवीन उत्सव म्हणतोयस त्याचं मूळ तुझ्या शेजारीच आहे आणि ते चांगलंच जुनं आहे.

ठाकर समाजाला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता आणि नवरात्रात देवळात चित्रकथी सांगायचा मान होता. मान म्हणजे नुसतं आमंत्रण नव्हे. कुठल्या देवळात कोणत्या घराने बसायचं हे ठरलेलं असायचं, बाप गेला की मुलाने बसायचं. गावाने जाहिरात करायची नाही, कलाकाराने काम मागत फिरायचं नाही, तिथी आली की पोथी बगलेत मारून माणूस देवळात हजर. एवढी वर्षं ही कला टिकली ती मुख्यतः या मानामुळे, असं माझं ठाम मत आहे, कौतुकाने टाळ्या वाजवणारे नंतर आले.

चित्रकथी ज्याने बघितली नाही त्याच्यासाठी सांगतो. कागदावर काढलेल्या चित्रांचा संच असतो, त्यालाच पोथी म्हणतात, रामायण-महाभारतातलं एकेक आख्यान एकेका पोथीत. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, सांगणारा खाली बसतो, समोर फळीला टेकवून एकेक चित्र लावतो आणि गात गात, मध्येच बोलत गोष्ट पुढे नेतो, साथीला हुडूक, तुणतुणं आणि टाळ. चेहरे बाजूने काढलेले, डोळे मोठ्ठे, रंग झाडापाल्याचे नि मातीचे. जुन्या पोथ्यांतली काही चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत, पुण्यातल्यांनी जाऊन जरूर बघावीत. चामड्याच्या बाहुल्या वेगळ्या, त्या पडद्यामागे दिव्याच्या उजेडात नाचवतात आणि आपल्याला पुढून सावली दिसते. कळसूत्री म्हणजे दोऱ्यांवर नाचणाऱ्या लाकडी बाहुल्या. आणि तीनही प्रकार एकाच समाजाकडे, हे फार कमी ठिकाणी सापडेल.

मग सिनेमा आला, टीव्ही आला, संस्थानं तर आधीच गेली होती. बऱ्याच घरांत बाहुल्या माळ्यावर गेल्या, कितीतरी चित्रं बाहेरच्यांनी विकत नेली, पोरं मुंबईला कामाला लागली. या काळात ज्यांनी सोडलं नाही त्यात परशुराम गंगावणे यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. २००६ मध्ये त्यांनी पिंगुळीत गुढीपूरला स्वतःच्या घरचा गुरांचा गोठा साफसूफ करून त्यात ठाकर आदिवासी कला आंगण हे म्युझियम उभं केलं, तिथे बाहुल्या आणि चित्रं बघायला मिळतात आणि खेळही करून दाखवतात. २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आख्ख्या जिल्ह्याला आनंद झाला, पण त्यातले कितीजण त्या गोठ्यापर्यंत गेले ते ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, स्टेज, पाहुणे, पोस्टर हे सगळं ठरवून झाल्यावर मग पिंगुळीला "तारीख अमुक आहे, अर्धा तास मिळेल" असं सांगायला जाऊ नका. आधी त्यांच्याकडे जा. काय करायचं, किती वेळ, कुठल्या जागेत, मानधन किती हे त्यांच्याबरोबर बसून ठरवा. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात आख्यान रंगतच नाही, फोटो काढून होतात फक्त.

इना_खोऱ्यातून

मी मूळची रत्नागिरीची, नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानात नागानो प्रांतात राहते, आणि तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही कारण तू जे विचारतोयस ते इथे इईदा नावाच्या गावाभोवती डोळ्यासमोर घडलेलं आहे. म्हणजे आज ते लाखभर वस्तीचं शहर आहे पण मुळात दोन डोंगररांगांच्या मधलं नदीकाठचं खोरं आणि त्यात विखुरलेल्या वाड्या, आपल्याकडच्यासारखंच.

सुरुवात ३०० वर्षांपूर्वीची. या खोऱ्यातून जाणाऱ्या वाटेने अवाजी बेटावरचे आणि ओसाकाकडचे बाहुलीवाले फिरत फिरत यायचे, काही इथेच राहिले आणि शेतकऱ्यांना शिकवू लागले. कुरोदा आणि इमादा या दोन वस्त्यांतल्या मंडळ्या अजून चालू आहेत. एक बाहुली तीन माणसं मिळून नाचवतात, एकाकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय, आणि तिघांचा श्वास एक झाला नाही तर बाहुली लगेच मेल्यासारखी दिसते. कुरोदाला सुवा देवस्थानाच्या आवारात बाहुल्यांसाठी गावाने बांधलेला रंगमंच आहे, १८४० सालचा. तिथे दर एप्रिलमध्ये देवाच्या उत्सवात अजूनही खेळ होतो. करणारे कोण तर दिवसभर नोकरी-शेती करणारे गावकरी.

आता उत्सवाचं. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष होतं, त्या वर्षी देशभरातल्या बाहुलीवाल्यांना उन्हाळ्यात एकत्र जमायला जागा हवी होती आणि इईदाने ती दिली. तसं बघितलं तर खरी सुरुवात इथेच, म्हणजे कलाकारांना एकमेकांचे खेळ बघायचे होते, शिकायचं होतं, आणि यजमान गावात बाहुल्यांची आवड आधीपासून मुरलेली होती. पहिली २० वर्षं त्याला बाहुली कार्निव्हल म्हणत. १९९८ ला तो संपला आणि १९९९ पासून गावकऱ्यांनी स्वतःची समिती करून इईदा बाहुली फेस्टा या नावाने पुढे चालवला, तो दर ऑगस्टच्या सुरुवातीला होतो आणि आता परदेशातूनही मंडळ्या येतात.

मला स्वतःला यात सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या दोनच गोष्टी, नीट लिहिते कारण मीटिंगमध्ये याच कामाला येतील. पहिली म्हणजे एक मोठं स्टेज हा प्रकार इथे मुख्य नाहीच. मोठा हॉल आहे पण बहुतेक खेळ वाडीवाडीतल्या समाजमंदिरांत, शाळांत, देवळांत, रस्त्यावर होतात. त्या त्या वाडीतले लोक आपल्याकडचा खेळ सांभाळतात, चटया घालतात, पाहुण्या मंडळींना जेवायला घालतात, त्यामुळे प्रत्येक वाडीला वाटतं की फेस्टा आपल्याकडे आहे. दुसरी म्हणजे बिल्ला. फेस्टाचा एक बिल्ला विकत घ्यायचा, तो छातीला लावला की बहुतेक खेळ बघता येतात, आणि तो बिल्ला बघणाऱ्याने तर घ्यायचाच पण खेळ करणाऱ्यानेसुद्धा घ्यायचा. बघणारा, करणारा आणि राबणारा तिघेही उत्सवाचे सारखेच मालक. अर्थात आपल्याकडे पिंगुळीच्या कलाकारांकडून बिल्ल्याचे पैसे घ्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यांचं पोट यावर आहे, इथे बरेचजण हौशी असतात. पण गावकऱ्यांनी बिल्ला घ्यावा, सरपंचांनीही.

आणि शाळा! इथल्या दोन माध्यमिक शाळांत कुरोदा आणि इमादा बाहुल्यांचे क्लब आहेत, तेरा-चौदा वर्षांची मुलं म्हाताऱ्यांकडून शिकतात आणि फेस्टात खेळ करतात. यातली सगळीच पुढे मंडळीत जाणार नाहीत हे उघड आहे, पण ती मोठी होऊन प्रेक्षक होतात, आणि समितीतही येतात.

फ्रान्समध्ये शार्लविल-मेझिएर नावाचं गाव आहे, इईदाचं मैत्र-शहर, १९८८ पासून. तिथे झाक फेलिक्स नावाच्या माणसाने युद्ध चालू असताना १९४१ मध्ये मुलांना घेऊन चिंध्यांच्या बाहुल्यांची छोटी मंडळी काढली होती, त्याच माणसाने १९६१ मध्ये महोत्सव भरवला. आज ते जगातलं बाहुल्यांचं सगळ्यात मोठं ठिकाण मानतात, १९८१ मध्ये तिथे बाहुलीकलेची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, १९८७ मध्ये शाळा. पण महोत्सव कित्येक वर्षं तीन वर्षांतून एकदाच व्हायचा, २००९ पर्यंत, त्यानंतर दोन वर्षांतून एकदा झाला. दरवर्षी केलाच पाहिजे असं काही नाही, झेपेल तेवढ्या अंतराने करा पण ठरलेल्या वेळी करा.

कुडाळपल्याड

ताई, बिल्ल्याची आयडिया भारी आहे, आणि वाडीवाडीत खेळ ही तर त्याहून. आमच्याकडे वाड्या चार आहेत आणि दरवर्षी भांडण हेच की सगळं देवळाकडच्याच वाडीत का. पण एक प्रश्न राहिलाच, पैसे. मानधन, जेवण, जाणं-येणं, लाईट. बिल्ल्यातून एवढं निघेल असं वाटत नाही. आणि समजा पहिल्या वर्षी माणसं आलीच नाहीत तर पुढच्या वर्षी मीटिंगमध्ये कोण उभं करेल?

निळाकाठ

माणसं आली नाहीत तर या प्रश्नाला माझ्याकडे खूप चांगलं उत्तर आहे. मी पालक्काडजवळ राहते, माहेर सांगलीचं. इथे भारतप्पुळा नदीच्या काठाने भद्रकालीची देवळं आहेत आणि त्यांच्या उत्सवात तोलपावकूत्तु होतं, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, जानेवारीपासून मेपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात चालूच. कथा रामायणाची, तमिळ कंब रामायणातली पदं आणि त्यावर निरूपण. देवळाच्या आवारात देवीसमोर त्याच्यासाठी बांधलेलं कायमचं लांबलचक घर असतं, कूत्तुमाडम, ४२ फूट. मागे ओळीने २१ दिवे, नारळाच्या करवंट्यांत. एकेका देवळात ७ रात्री, कुठे १४, कुठे २१, काही ठिकाणी त्याहून जास्त. आणि समोर प्रेक्षक? कितीदा कोणीच नसतं!

कारण हा खेळ मुळात देवीसाठी आहे. गोष्ट अशी सांगतात की राम-रावणाचं युद्ध चालू होतं तेव्हा भद्रकाली दारिक राक्षसाशी लढत होती, तिला ते युद्ध बघायला मिळालं नाही, म्हणून शंकराने ते सावल्यांतून तिला दाखवायची व्यवस्था केली. देवी बघते आहे, त्यामुळे समोरचं अंगण रिकामं असलं तरी पुलवर, म्हणजे हा खेळ करणारे कलाकार, पूर्ण रात्र पदं म्हणतात, एकमेकांशी वाद घालतात, श्लोकांचे अर्थ सोडवतात. मी मध्यरात्री एकटी बसून ऐकलंय, भाषा अर्धी कळत नाही तरी उठवत नाही.

पैशाचं असं आहे की इथे खर्चाचा भार कोणा एकावर नसतो. घरोघरचे लोक देवीला बोललेला नवस म्हणून कूत्तुसाठी दान देतात आणि त्या रात्री खेळात पुलवर त्यांचं नाव घेऊन आशीर्वाद देतात. नाव बॅनरवर येत नाही, सावल्यांच्या मधून, काव्यातून येतं, आणि त्यासाठी माणसं वाट बघतात. तुमच्याकडे देवळात खण-नारळ, पालखी, समाराधना यांचे मान घरांना वाटलेले असणारच, तसाच एकेका खेळाचा मान एकेका घराला द्या. मुंबईत असलेली घरंसुद्धा आनंदाने घेतील.

हेही खरं की नुसत्या देवळावर राहून भागलं नसतं. कृष्णनकुट्टी पुलवर यांनी ही कला देवळाबाहेर आणली, लांबलचक कथा आटोपशीर करून दाखवली, त्यांचे चिरंजीव रामचंद्र पुलवर यांनी तर गांधीजींच्या आयुष्यावरचा खेळही बाहुल्यांतून केला, त्यांना पद्मश्री मिळाली तीही २०२१ लाच, म्हणजे पिंगुळीच्या गंगावण्यांच्या बरोबरच. आणि आता त्याच घरातल्या मुली-बायकांनी स्वतःचा संच उभा केलाय, जिथे पूर्वी बाईने पडद्यामागे जायचंच नाही असं होतं. देवळातला खेळ देवळात पूर्ण लांबीचा आणि बाहेरचा तासाभराचा, दोन्ही एकाच घराने सांभाळलंय. तुमच्याकडे नवरात्र की मे हे जे भांडण आहे ना, त्याचं उत्तर मला यातच दिसतं. नवरात्रात देवळात चित्रकथी, पूर्ण आख्यान, ऐकणारे दहा असले तरी. आणि मेमध्ये चाकरमानी आले की वाड्यांतून बाहुल्या.

दिवाबत्तीवाला

मी नाटकांना लाईट करतो, कणकवलीत. वर सगळ्यांनी फार चांगलं लिहिलंय, मी फक्त कामाचं सांगतो कारण चांगला उत्सव जागेवरच्या चुकांनी बिघडलेला खूप बघितलाय.

आपल्याकडच्या चामड्याच्या बाहुल्या आकाराने लहान असतात. आंध्रातल्या माणसाएवढ्या बाहुल्या असतात त्या मैदानात चालतात, आपल्या नाही. तेव्हा पाचशे खुर्च्या मांडल्यात तर मागच्या चारशे लोकांना एक उजळलेला चौकोन तेवढा दिसेल आणि ते मोबाईल काढतील. एका खेळाला शंभराच्या आत माणसं, खाली बसलेली, मुलं पुढे. जास्त आली तर तोच खेळ पुन्हा करा, कलाकारांशी तसं आधी बोलून आणि मानधन धरून. चित्रकथीला तर अजून कमी, ओटीवर नाहीतर देवळाच्या सभामंडपात पन्नास माणसं हेच बरोबर. तोच पैसा मोठ्या स्टेजवर घालण्यापेक्षा चार वाड्यांत चार अंगणं तयार करा.

अंधार पाहिजे. नुसता कार्यक्रमाच्या जागेपुरता नाही, आजूबाजूच्या घरांचे एलईडी, रस्त्यावरचा बल्ब, चहाच्या टपरीचा फोकस सगळं तासभर बंद करायला वाडीतल्या लोकांना आधी जाऊन सांगावं लागतं, ऐनवेळी कोणी ऐकत नाही. दिवा कलाकार म्हणतील तोच लावा. ज्योतीचा उजेड हलतो त्यामुळे बाहुली स्थिर धरली तरी श्वास घेतल्यासारखी दिसते, पांढऱ्याफेक एलईडीत ते जातं. माइक लागलाच तर एक, तोही कमी आवाजात, हुडुकाचा नाद स्पीकरमधून फुटला की ऐकवत नाही. आणि ऑर्केस्ट्रा त्याच रात्री अजिबात नको. त्या आवाजानंतर तुणतुण्याला कान लागत नाहीत.

पैशासाठी अजून एक वाट. संगीत नाटक अकादमी, उदयपूरचं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, महाराष्ट्र या दोन्ही केंद्रांत येतो, लोककलांसाठी अर्ज करता येतो. पण पहिलं वर्ष त्या भरवशावर आखू नका. पहिलं वर्ष गावाच्या पैशात बसेल एवढंच करा, फोटो-हिशोब नीट ठेवा, मग अर्ज करा, हातात काहीतरी दाखवायला असलं की बोलणं सोपं जातं.

तळकोकणी

दिवाबत्तीवाल्यांशी शंभर टक्के सहमत, फक्त एक भर. शाळेचं जे इईदाच्या ताईंनी लिहिलंय ते पहिल्याच वर्षी करा, उत्सवाच्या आधी. मुलांना गुढीपूरला घेऊन जा, अंतर कितीसं आहे, बाहुल्या हातात घेऊ द्या, कातडं कसं कोरतात, दोऱ्या कशा बांधतात ते बघू द्या. ज्या मुलाने दोरी ओढून बाहुलीची मान हलवली ते मूल खेळाच्या रात्री आईबापाला ओढत आणतं, वेगळी जाहिरात लागत नाही. आणि ठाकर वस्तीतली मुलं तुमच्या शाळेत असतील तर त्यांच्या घरची ही कला आहे हे वर्गात सगळ्यांसमोर मानाने सांगा. कित्येक वर्षं ती मुलं हे लपवत आली आहेत, मला माहीत आहेत अशी.

कुडाळपल्याड

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरे करो. काल मीटिंगमध्ये सगळं वाचलं, पावणेदोन तास चालली. मोठं स्टेज आणि ऑर्केस्ट्रा रद्द. दोन भाग करायचं ठरतंय, नवरात्रात एक रात्र देवळात चित्रकथी आणि मेमध्ये चार वाड्यांत चार संध्याकाळी बाहुल्या, एकेका वाडीचा खर्च त्या त्या वाडीने बघायचा, खेळाचा मान घराला द्यायचा ही गोष्ट तर बायकांनी लगेच उचलली, दोन घरांनी तिथेच नावं दिली. बिल्ल्यावर अजून वाद चालू आहे. हे सगळं आमचं म्हणणं झालं, पक्कं काहीच केलेलं नाही, रविवारी आम्ही पाचजण पिंगुळीला जातोय, त्यांच्याशी बोलूनच तारखा लावणार.

एक छोटं विचारायचं राहिलं, पडद्याला कापड कोणतं आणून ठेवू?

दिवाबत्तीवाला

काहीच आणू नकोस, बहुतेक मंडळी स्वतःचा पडदा आणतात आणि त्यांच्या दिव्याला तोच जमतो. रविवारी विचार. तुम्ही फक्त बांबू, सुंभ आणि पडद्यामागे वारा अडवायला दोन ताडपत्र्या तयार ठेवा, मेमध्ये संध्याकाळचा वारा सुटला की ज्योत टिकत नाही.